तिसऱ्या काचघरातली तुळस

१

चाळीस कुंड्या जागच्या जागी होत्या, चाळीसही रोपं हिरवीगार होती, आणि तरीही चोरी झाली होती.

आयर्लंडमधल्या लिमरिक शहराच्या बाहेर बॅलिनूर बोटॅनिकल्स नावाची औषधी वनस्पतींची कंपनी आहे. तिच्या तिसऱ्या काचघरात दोन वर्षं राबून तयार केलेली तुळस होती. रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर कोल्चिसीन नावाच्या विषाचा थेंब ठेवून तिच्या पेशींमधली गुणसूत्रं दुप्पट केली होती. शंभर शेंड्यांना थेंब लावावा तर बहुतेक मरतात, काही होते तसेच राहतात आणि चार-पाच खरोखर दुप्पट होतात. अशी तुळस जाड, गडद पानांची असते. ती वाढते सावकाश, मोहरते उशिरा, पण या कंपनीच्या मोजणीनुसार तेल देते साध्या तुळशीच्या दीडपट.

ती विकत घ्यायला एक मोठी औषधकंपनी तयार झाली होती. मंगळवारी त्यांची माणसं आली, आणि आधी ठरलं नसताना प्रत्येक कुंडीतलं एकेक पान स्वतः तोडून घेऊन गेली. बुधवारी त्यांचं उत्तर आलं. चाळीसच्या चाळीस रोपं साधी होती.

गुरुवारी सकाळी कौमुदी भागवत नावन गावाहून अडीच तास गाडी हाकत तिथे पोचली. पंधरा वर्षं पुण्यात गुणसूत्रांच्या मागे घालवलेली ही बाई आता कंपन्यांच्या प्रयोगशाळांच्या नोंदी तपासायचं काम करायची. वय त्रेपन्न, आवाज खणखणीत आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

कंपनीचा मालक फर्गस याने तिला कॉफी दिली आणि एक छापील अहवाल पुढे सरकवला. अहवाल लिहून तयार होता. तंत्रज्ञ ईशानी हिने रोपं बदलली, असा त्यात निष्कर्ष होता.

"तुम्ही फक्त नोंदी बघून सही करायची," फर्गस म्हणाला. "उद्या चारला तिला कामावरून काढल्याचं पत्र देतोय. ग्रँड? ठीक ना?"

"म्हणजे चौकशी झालीय. मग मला कशाला बोलावलंत?"

फर्गस जरा घुटमळला. "भारतीय मुलगी आहे. उद्या कुणी काही म्हणायला नको."

कौमुदीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भारतीय मुलीला हाकलायच्या कागदावर भारतीय बाईचं नाव असलं की शोभून दिसतं, एवढ्यासाठी तिला बोलावलं होतं. तिने तो अहवाल उचलला, दोनदा घडी घातली आणि पर्समध्ये टाकला.

"उद्या चारला भेटू," ती म्हणाली. "तोवर माझ्या सहीची वाट बघू नका."

२

ईशानी नागपूरची, सव्वीस वर्षांची. कँटीनमध्ये ती एकटीच बसली होती आणि आजूबाजूची चार टेबलं रिकामी होती.

"मॅडम, काल इथेच, साठ लोकांसमोर फर्गसनं माझं नाव घेतलं," ती म्हणाली. "चौकशी चालू आहे म्हणे, तिच्याशी कामाचं बोलू नका. युनिव्हर्सिटीत माझ्या गाईडलाही फोन केला. ही नोकरी गेली की परमिट जाणार, पीएचडी जाणार. पण ते एक वेळ सोडा. हे नाव घेऊन मी परत कुठल्या लॅबमध्ये उभी राहू?"

"रडू नकोस. मला तारखा सांग."

ईशानीने डोळे पुसले आणि तारखा सांगितल्या. एक डिसेंबरला दुप्पट रोपं तिसऱ्या काचघरात लावली. वीस डिसेंबरला ती बहिणीच्या लग्नासाठी नागपूरला गेली आणि पंचवीस जानेवारीला परतली. आल्या आल्या डॉक्टर चारुदत्तांनी, म्हणजे तिच्या विभागप्रमुखांनी, तिला पेटंटचे कागद लिहायला ऑफिसात बसवलं. त्यानंतर ती काचघरात गेली ती थेट मागच्या शनिवारी-रविवारी, पाणी द्यायची पाळी होती म्हणून.

"आणि बघितलं तर पानं पातळ वाटली. मी रविवारीच डॉक्टरांना मेसेज केला, सर, काहीतरी चुकतंय. आता म्हणतात, तू आधीच बचाव तयार करून ठेवलास!"

"त्या दोन दिवसांत आणखी कोण आत गेलं?"

"दाराच्या मशीनमध्ये फक्त माझंच कार्ड आहे."

"आणि त्याआधी रोपं दुप्पट होती याला पुरावा?"

ईशानीने मान खाली घातली. "आहे ना. स्वरूपाच्या काचपट्ट्या. गेल्या गुरुवारपर्यंत रोपं दुप्पट होती असं त्या सांगतात. म्हणूनच तर मी अडकलेय."

३

स्वरूपा सूक्ष्मदर्शकावर काम करायची. ती ठाण्याची, बोलायला तुटक. ईशानीशी तिचं फारसं पटत नव्हतं आणि ते तिने लपवलंही नाही.

"पेटंटवर पहिलं नाव हिचं येणार होतं. आम्ही काय नुसते बेंचवर बसलो होतो? पण म्हणून मी खोटं बोलणार नाही हं."

तिची रीत सोपी होती. दर गुरुवारी पानाच्या पाठीवर साधं पारदर्शक नेलपॉलिश लावायचं, वाळलं की चिकटपट्टीने सोलून काचेवर ठेवायचं. पानं ज्यांतून श्वास घेतात त्या छिद्रांचा ठसा त्यावर उमटतो. साध्या तुळशीची छिद्रं बारीक आणि दाट, दुप्पट तुळशीची मोठी आणि विरळ.

कौमुदीने जानेवारीपासूनच्या सहाही गुरुवारच्या पट्ट्या एकेक करून पाहिल्या. छिद्रं सगळीकडे मोठी आणि विरळ होती. बारा फेब्रुवारीची शेवटची पट्टीही तशीच होती. म्हणजे फर्गसचा हिशेब सरळ होता. बाराला रोपं दुप्पट, सतराला साधी, आणि मधल्या शनिवार-रविवारी आत एकटी ईशानी.

"पानं तू स्वतः तोडून आणायचीस?"

"नाही. ईशानी होती तेव्हा ती आणायची. ती नागपूरला गेल्यापासून डॉक्टर पाकीट देतात. कुंडीचे नंबर घातलेलं."

"ते स्वतः तोडतात?"

"ते मला काय माहीत? मी माझ्या पाकिटापुरती."

४

काचघर सांभाळायचा विनय. कोल्हापूरचा, सहा वर्षं इथेच राहिलेला, त्यामुळे त्याच्या बोलण्यात इथली माणसं डोकावायची.

"युअर मॅन, म्हणजे आपला तो फर्गस, म्हणतो, पोरीनं मित्राची व्हॅन आणून चाळीस कुंड्या बदलल्या," तो म्हणाला. "अहो मॅडम, तिला गाडी रिव्हर्स घेता येत नाही."

कौमुदी हसली नाही. ती पहिल्या कुंडीपाशी वाकली होती. तिथून ती दुसरीकडे गेली, तिसरीकडे गेली, आणि अर्ध्या तासाने चाळिसाव्या कुंडीवरून मान वर केली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"विनय, मंजिऱ्या कुणी खुडल्या?"

"कुठल्या मंजिऱ्या?"

तिने दाखवलं. प्रत्येक रोपाच्या मधल्या शेंड्याला तुटलेला खुंट होता. त्याची कड कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ नव्हती, नखाने चिमटल्यासारखी चिरडलेली होती. प्रत्येक खुंटाच्या खालून दोन बाजूंना दोन नव्या फांद्या फुटल्या होत्या, चांगल्या वीतभर लांब. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. तुळशीला मंजिरी आली की खुडायची, म्हणजे ती वठत नाही आणि खालून फुटते.

"आमच्याकडं नखानं काही तोडत नाहीत," विनय म्हणाला. "नियम आहे. स्पिरिटमध्ये बुडवलेली कात्री, आणि तोडलेलं पान असो की काडी, ते पिवळ्या पिशवीत. पिशवी वजन करून मी सही करतो, मग जाळायला जाते. दोन महिन्यांत एकसुद्धा मंजिरी माझ्या पिशवीत आलेली नाही. माझ्यासाठी हा सगळा पाला आहे मॅडम, मी देवधर्म करत नाही. मी खुडली असती तर पिशवीतच टाकली असती."

"ही रोपं वाढली कशी? सावकाश?"

"छे! जानेवारीत जी उसळी मारली! एकोणीस तारखेला कुंड्या लांब लांब ठेवायला लागल्या, फांद्या एकमेकींत अडकायला लागल्या होत्या. हे बघा, वहीत लिहिलंय."

कौमुदीने ती नोंद दोनदा वाचली. मग तिने ईशानीची जुनी वही उघडली. याच काचघरात, याच दिव्यांखाली साधी तुळस लावल्यापासून सातव्या आठवड्यात मोहरते, दुप्पट तुळस बाराव्या आठवड्याच्या आत कधीच नाही. बाजूची फांदी आठवड्याला दीड इंच वाढते. वीतभर फांदीला पाच-सहा आठवडे लागतात.

मागे मोजलं तर पहिल्या मंजिऱ्या जानेवारीच्या मध्यात खुडल्या गेल्या होत्या. लावणीला तेव्हा जेमतेम सात आठवडे झाले होते. त्या वेळी या कुंड्यांत साधी तुळस होती, आणि ईशानी तेव्हा नागपुरात बहिणीच्या लग्नात होती.

"विनय, साध्या तुळशीची रोपं होती ना? तुलना करायला ठेवलेली?"

"होती की, चाळीस, त्याच दिवशी लावलेली. नाताळाच्या सुट्टीच्या आधी जाळली म्हणे. मी गावाला गेलो होतो. कागदावर सही डॉक्टरांची आहे."

कौमुदी जागीच उभी राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेल्या त्या अहवालाची घडी पर्समध्ये होती आणि तिचा हात त्या पर्सवर घट्ट आवळला गेला.

५

डॉक्टर चारुदत्तांनी तिचं स्वागत हात जोडून केलं. साठीला टेकलेला गृहस्थ, पांढरा शर्ट, मऊ आवाज. खोलीतल्या प्रेसचं, म्हणजे इथल्या भाषेत भिंतीतल्या कपाटाचं, दार उघडं होतं. आत छोटा गणपती, उदबत्ती आणि खाली एक फुगलेली कापडी पिशवी.

"निर्माल्य," त्यांनी तिची नजर ओळखून सांगितलं. "कचऱ्यात टाकवत नाही हो. साठलं की शॅनन नदीत सोडतो. यंदा पाणी चढलंय, काठ बंद आहे, म्हणून एवढं साठलं."

"घरी तुळस आहे?"

"कुठली? तीनदा आणली, तीनदा थंडीनं गेली. देवाला फुलं सुपरमार्केटची वाहतो झालं." ते हळहळले. "ईशानीचं वाईट वाटतं मला. हुशार मुलगी. पण तरुण मुलांना सगळं झटपट हवं असतं."

कौमुदीने दातांवर दात ठेवले. "स्वरूपाला दिलेली पानं कोण तोडायचं?"

"विनय. मी फक्त पाकिटावर नंबर घालायचो."

"आणि साध्या रोपांच्या कागदावरची सही?"

"तीही विनयच्याच शब्दावर. सुट्टीवर जायच्या आधी त्यानं सांगितलं, मी सही केली. एवढ्या मोठ्या कारभारात प्रत्येक पान मी कुठे मोजत बसू?"

एकाच्या शब्दाला दुसऱ्याचा शब्द. फर्गस कुणाचा मानणार ते उघड होतं. डॉक्टरांच्या नावापुढे तीस वर्षांचा मान होता आणि विनयच्या हातात पाण्याची नळी.

कौमुदी निघाली. जिन्यावर ती अचानक थांबली. मंजिरी पिवळ्या पिशवीत गेलीच नाही, मग गेली कुठे? पाच आठवडे, चाळीस रोपं, शेकडो मंजिऱ्या. त्या खुडणाऱ्या माणसाला कचऱ्याची पिशवी हाताशी असूनही तिच्यात त्या टाकता आल्या नाहीत. का टाकता आल्या नसतील, हे फर्गसला जन्मात कळलं नसतं. कौमुदीला तिथल्या तिथे कळलं.

६

शुक्रवारी चारला फर्गसच्या खोलीत सगळे जमले. फर्गस, डॉक्टर, स्वरूपा, विनय आणि दाराजवळच्या खुर्चीत ईशानी. टेबलावर तिचं पत्र पाकिटात तयार होतं.

"डॉक्टर," कौमुदी म्हणाली, "तुमच्या प्रेसमधली ती निर्माल्याची पिशवी जरा मागवते."

"देवाच्या गोष्टीचा इथे काय संबंध?" डॉक्टरांचा मऊ आवाज पहिल्यांदाच चिरकला.

"विनय, घेऊन ये."

पिशवी आली. कौमुदीने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि ती उपडी केली. वर थोडी वाळलेली शेवंती पडली, आणि मग मंजिऱ्या. मूठभर नव्हे, ढीगभर. काही हिरवट होत्या, काही वाळून तपकिरी. प्रत्येकीचं देठ नखाने चिरडलेलं होतं.

ती फर्गसकडे वळली आणि मुद्दे एकेक करून त्याच्यापुढे ठेवले. साधी तुळस सातव्या आठवड्यात मोहरते, दुप्पट बाराव्याच्या आत मोहरत नाही. काचघरातल्या रोपांचे खुंट जानेवारीच्या मध्यातले आहेत. एकोणीस जानेवारीला याच कुंड्या दाटल्या म्हणून लांब ठेवल्या गेल्या, म्हणजे ही जोमाने वाढणारी साधी रोपं तेव्हा इथेच होती, दुसरीकडून परवा आणलेली नाहीत. तुलनेची चाळीस साधी रोपं जाळल्याचा कागद आहे, पण जाळायला नेणाऱ्यांच्या नोंदीत त्या आठवड्याचं पिवळ्या पिशवीचं वजन शून्य आहे. ती जळली नाहीत, नाताळाच्या सुट्टीत तिसऱ्या काचघरात आली आणि दुप्पट रोपं बाहेर गेली. ती मोहरली असती तर चोरी उघडी पडली असती, म्हणून वरचेवर मंजिऱ्या खुडल्या गेल्या. आणि स्वरूपाला दर गुरुवारी मिळालेली पानं या कुंड्यांतली नव्हतीच. ती पळवलेल्या रोपांची होती.

"ते विनयनंसुद्धा केलं असेल!" डॉक्टर म्हणाले.

"विनयला हा पाला आहे. त्यानं खुडली असती तर पिवळ्या पिशवीत टाकली असती आणि आज माझ्याकडे काहीच नसतं." कौमुदी आता मराठीत बोलत होती आणि आवाज चढला होता. "तुमच्या घरी तुळस जगत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत. या कंपनीत दुसरी तुळस नाही. मग ह्या आल्या कुठून? तुळशीची मंजिरी कचऱ्यात टाकायला तुमचा हात धजला नाही, डॉक्टर. पाप लागलं असतं ना! आणि ही जितीजागती पोरगी कचऱ्यात टाकताना? तेव्हा नाही तुमचा हात थरथरला?"

डॉक्टरांनी टेबलाखाली पडलेली एक मंजिरी उचलून ढिगावर ठेवली.

"कल्पना माझी होती," ते शेवटी इंग्रजीत म्हणाले, आणि आता त्यांच्या बोलण्यात मऊपणा उरला नव्हता. "कोल्चिसीन किती, किती तास, सगळं माझं. आणि पेटंटवर पहिलं नाव हिचं! फर्गसला हिची मेहनत दिसली म्हणे. माझी तीस वर्षं नाही दिसली. रोपं स्लायगो गावाजवळ आहेत, मी भाड्यानं जागा घेतलीय. खरेदीदारांनी काचपट्ट्यांवर विश्वास ठेवून खरेदी केली असती तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. पुढे म्हटलं असतं, रोपं उलटली, पुन्हा साधी झाली. होतं असं कधीकधी."

"थेंब दोन वर्षं मी लावत होते, सर," ईशानी म्हणाली. "मेलेली रोपंही मीच मोजत होते. तेव्हा तुम्ही किती वेळा आत आलात?"

डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली आणि ते दाराकडे निघाले.

७

डॉक्टर बाहेर गेल्यावर फर्गसने टेबलावरचं पाकीट हळूच खणात सरकवलं.

"चला, ग्रँड," तो म्हणाला. "रोपं परत येतील, खरेदीही वाचेल. चारुदत्त तब्येतीचं कारण देऊन राजीनामा देईल. ईशानी, तू सोमवारी कामावर ये. बाकी हे आपण या खोलीतच ठेवू. कंपनीचं नाव आहे शेवटी."

ईशानी उठली. दोन दिवस रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाजात आता रडू नव्हतं.

"कंपनीचं नाव या खोलीत, आणि माझं नाव कँटीनमध्ये?" ती इंग्रजीत म्हणाली. "माझं साठ लोकांसमोर घेतलंत. त्यांचं का नाही?"

"हे बघ, समजून घे. खरेदीदार..."

"मी अहवाल लिहिणार आहे," कौमुदी मध्येच म्हणाली. "माझा स्वतःचा, घडी घातलेला नाही. खरेदीदाराला तो माझ्या सहीसह लागणार आहे. ती सही मी कँटीनमध्ये करेन, हिचं समाधान झाल्यावर."

फर्गसने खिडकीबाहेर पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि कोट उचलला.

पाच वाजायला आले होते, घरी निघालेली माणसं कँटीनमध्ये थांबवली गेली. फर्गस मध्ये उभा राहिला आणि म्हणाला की परवा आपल्याकडून एक गैरसमज झाला.

"गैरसमज नाही," ईशानी मागून म्हणाली. "चोरी. आणि कुणी केली ते."

फर्गस लाल झाला. पण कौमुदी पेनचं टोपण लावून शांतपणे बसली होती, आणि तिच्यापुढचा कागद कोरा होता. त्याने शब्द बदलला. त्याने चारुदत्तांचं नाव घेतलं, मग ईशानीचं घेतलं, ती निर्दोष आहे असं म्हणाला आणि माफी मागितली. स्वरूपा सगळ्यांत आधी उठली आणि ईशानीच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली.

फर्गसने सुटकेचा श्वास सोडला आणि आता सही करा, अशी कौमुदीला खूण केली. कौमुदीने ईशानीकडे बघितलं.

"अजून नाही," ईशानी म्हणाली. "आता माझ्या गाईडला फोन लावा. इथूनच. स्पीकरवर."